फुटलेल्या देशाची भाषा

मुलगी बघायला मी आयुष्यात एकदाच गेलो, आष्टीहून शिरूर कासारला. माझी रशियन भाषेतली पीएच.डी. नुकतीच संपली होती आणि नेमका तेव्हाच सोव्हिएत युनियन फुटला होता. स्थळ म्हणून माझा काय भाव असेल, ते तुम्हीच समजा.

मुलीचे वडील आणि चुलते एकाच सतरंजीवर बसले होते. पण जमिनीच्या वाटणीपासून दोघा भावांत बोलचाल बंद होती. जे काही बोलायचं, ते स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाला सांगायचे.

चुलते मध्यस्थाला म्हणाले, "पाव्हण्याला इचारा. ज्या देशाची भाषा शिकले, त्यो देशच राह्यला न्हाई म्हणं. मग पोरीला खाऊ काय घालणार?"

मी कसाबसा म्हणालो, "देश फुटला, पण भाषा शाबूत आहे. एकाचे पंधरा देश झालेत. एकमेकांशी बोलायला त्यांना अजून रशियनच लागते."

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "वायले झाले, तरी बोलतेत?"

"वेगळे झाले, तरी बोलतात की."

ते मग मध्यस्थाला सोडून थेट भावाकडं वळले. "आण्णा, ऐकलं का? पंधरा जण वायले होऊन बोलतेत. आपून तर दोघंच हाव."

चुलते भिंतीकडं बघत हळूच भावाला म्हणाले, "पोरगा कामाचा दिसतोय. देऊन टाक पोरगी."

तेवढ्यात दाराआडून मुलीचा आवाज आला, "तुमचं दोघांचं बोलून झालं असलं, तर मलाबी इचारा."