वरच्या मजल्याचा कचरा

— नाही नाही, वर नका जाऊ. वर काय पाहायचं आहे? जे विचारायचं ते इथं ओट्यावर बसून विचारा. बसा. गळ्यातल्या पट्टीवर नाव काय आहे — अक्षत ठोंबरे? अरे, मग मराठीच की तुम्ही! आजोबा अमरावतीचे? अच्छा. मग मी मराठीतच बोलतो. समजते नं? बोलता येत नाही पण समजते — हो, माहीत आहे मला ते. आमच्या नातवाचंही तसंच आहे. मी फोनवर मराठीत विचारतो, तो तिकडून हिंदीत हां-नहीं करते. चलो, समजते तेवढं पुष्कळ झालं.

आता मला आधी हे सांगा, ती जनसुनवाई तुम्ही नगर निगमवाल्यांनी ठेवली काहून होती? पेपरात छापून आलं — कचरा शुल्क आता घरामागं नाही, मजल्यामागं लागणार, जिसको आपत्ति हो वह वार्ड ऑफिस में आए. मी गेलो. कोणी नाही गेलं तरी हा बाबाराव जाते, सगळ्या चेरीताल मोहल्ल्याला माहीत आहे. उभा राहून बोललो — गाडी एक, गेट एक, मग शुल्क दोन कशाचे? मजले काय कचरा करतात? माणसं करतात! लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचे साहेब मान डोलवून म्हणाले, 'नोट कर लिया.' काय नोट केलं? लिहायला बसवलेली मुलगी पेनाचं टोपण लावून खिडकीबाहेर पाहून राहिली होती! माझं एक वाक्य नाही लिहिलं तिनं. एक नाही. अन् लिहिलं कोणाचं — शकुचं.

शकु म्हणजे माझी बायको. आत आहे, चहा ठेवून राहिली. तिला मी बोलायला नव्हतं नेलं हो — आपल्या बाजूनं एक डोकं जास्त दिसावं म्हणून नेलं होतं. अन् तुमच्या साहेबांना काय सुचलं, त्यांनी तिलाच विचारलं, 'माताजी, आपकी क्या आपत्ति है?' झालं. उठली, पदर सारखा केला, अन् भरल्या सभेत मराठीत म्हणते — 'आपत्ती एकच आहे साहेब. वरचा मजला पोरासाठी बांधला अन् पोरगा राहायला आलाच नाही. दिवाळीलाही येत नाही. कचरा करायलाच कोणी नाही, तर शुल्क कशाचं घेता?' — मी खालून पदर ओढून राहिलो, बस, बस — पण ती बसते कुठं! एक पोट्टं फिदीफिदी हसलं. साहेबांनी बाजूच्याला विचारलं, क्या कह रही हैं? त्यानं हिंदीत सांगितलं. आणि तेव्हा बरोबर त्या मुलीनं टोपण काढलं.

म्हणून तुम्ही आलात. ऊपरी तल खाली है कि नहीं, देखने.

पाहा, ते सगळं भाषेच्या गफलतीनं झालं. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, अन् आपल्याकडं आपत्ती म्हणजे संकट. ती वरुडची, मराठी मुलखातली. साहेबांनी विचारलं हरकत काय, हिला वाटलं विचारून राहिले संकट काय — म्हणून बोलली. मी सुनवाईतून निघालो ते भाजी घ्यायला कमानिया गेटच्या बाजारात गेलो, तिथं जो भेटला त्याला हेच सांगितलं. शब्दाची गफलत, बाकी काही नाही. लोक म्हणाले, हां हां, हो जाता है।

गफलत! दूधवाल्याला रोज सकाळी 'भैया, हमको इस दूध पे आपत्ति है' म्हणणारी बाई आहे ती. तिला काय आपत्ति कळत नाही? सगळं कळत होतं तिला.

काय म्हणता? गाडीवाला विष्णू काय म्हणाला? — दोन घरांचा कचरा येते इथून? अरे बापरे, मग तर मोठाच पुरावा सापडला तुम्हाला! अहो, ओला वेगळा अन् सुका वेगळा, तुम्हीच नाही का शिकवलं? गाणं वाजवून वाजवून शिकवलं! म्हणून दोन पिशव्या. — चार? चार मोजल्या त्यानं? अन् वरच्या दारावर तुम्ही ठोकलेली ती कोडची पाटीही रोज स्कॅन होते?

विष्णूला एवढं सगळं पाहायला वेळ मिळते. आमच्या नालीतला गाळ दिसत नाही त्याला.

बरं. असतात चार. मग? मटार सोलले तर अर्धी सालं खालच्या डब्यात, अर्धी वरच्या. केळाचं साल, चहाचा गाळ — वाटून टाकतो मी. शकुला आवडत नाही, ती म्हणते हे काय खूळ आहे. खूळ काय त्यात? वरचाही डबा वापरात राहिला पाहिजे. नळ सोडतो, फरशी पुसतो, संध्याकाळी दिवा लावतो. घर बंद ठेवलं की खराब होते. अन् सकाळी विष्णू खालून ओरडते, 'ऊपर वालों का भी दे दो, दादा!' — अन् मी वरून पिशवी घेऊन उतरतो. ऊपर वालों का. तेवढं ऐकायला बरं वाटते, बेटा. सगळी गल्ली ऐकते नं. नाहीतर हा समोरचा रोज सांगून जाते, किराये से उठा दो, किराये से उठा दो. काहून देऊ भाड्यानं? सूनबाईसाठी वरचा स्वयंपाकाचा ओटा एक वीत उंच करून घेतला मी, तिला वाकावं लागू नये म्हणून. त्या ओट्यावर आजपर्यंत एक कप चहा नाही झाला.

समजलं मला. तुम्ही एक बटण दाबणार, रिक्त म्हणून. अर्धं शुल्क माफ. अन् वरच्या दारावरची पाटी काढून नेणार. उद्यापासून विष्णू खालच्यालाच हाक मारणार. किती साधं आहे! माझीच मागणी होती नं — दोन शुल्क काहून? अख्ख्या वॉर्डात मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडलो. आता तुमचं ऑफिस घरी चालत येऊन म्हणते, घ्या, एकच भरा.

मी काल फोन केला हैदराबादला. आनंदला, म्हणजे पोराला. रागातच केला — म्हटलं, तुझ्या आईनं चारचौघांत काय शोभा केली ते ऐक. मला वाटलं, तो म्हणेल... काय वाटलं ते जाऊ द्या. पूर्ण ऐकून घेतलं त्यानं. मीटिंगमध्ये होता बहुतेक, हळू बोलून राहिला होता. म्हणते, 'तो लिखवा दीजिए ना बाबा, खाली है। खाली ही तो है।'

मराठीत नाही म्हणाला.

...शकु, चहा नको आणू. हे निघून राहिले.

हां, काढा तो तुमचा फोन. लिहा. वरचा मजला — भरलेला. दोन्ही मजल्यांचं पूर्ण शुल्क. पुढं काय विचारते ते? 'कोई आपत्ति?' लिहा — नाही. हिंदीत वाचा की मराठीत वाचा, नाही. काहीच आपत्ती नाही आमच्या घरात.

माझ्याकडं काय पाहून राहिले? झालं नं तुमचं काम? चला, उठा. अन् ती पाटी सोडा, हात नका लावू तिला. गेट ओढून घ्या जाताना.