अक्कोरूंचा सत्कार

...आणि वर गावातली माणसं म्हणतात, 'अक्कोरू,' म्हणजे आमच्या कानडी मुलखात शाळेच्या बाई, 'तुम्हा मास्तरणींना काय हो, पाचला घरी!' पाचला? तुम्हाला सांगते, एकवीस वर्षं झाली या शाळेत, पाचला घरी गेल्याचं मला आठवत नाही! सकाळी पोरांच्या शाळेतल्या जेवणासाठी अंड्यांचे ट्रे मांडीवर घेऊन गदगच्या बसमध्ये बसायचं, कंडक्टर ओरडणार, 'अक्कोरू, सांभाळा, पुढं खड्डा!' अरे, खड्डा तुझ्या बसला, धडधड माझ्या काळजाला! मग अंडी मोजा, वाटा, फोटो काढून वर पाठवा, मग घरोघर सर्व्हे, मग मतदारयादी, आणि उरलाच वेळ तर पाढे! वर्ग चार, बाई एक. दहादा सांगितलं वर... पण ऐकतंय कोण!

घसा गेला, झोप गेली. परवा जेवताना माझी पोर भाजी मागायला लागली, तर मी तिला म्हटलं, 'हात वर करून बोल!' पोरीनं हात वर केला! तेव्हाच बसून अर्ज लिहिला, स्वेच्छानिवृत्तीचा. बस्स झालं! तर शाळा कमिटीचे अध्यक्ष फकीरप्पा दारात हजर. 'अक्कोरू, शिक्षकदिनाला तुमचा सत्कार! तालुक्याहून शिक्षणाधिकारी अंगडीसाहेब येणार!' मी म्हटलं, 'अहो, सत्कार नको, एक दिवस सुट्टी द्या.' 'सुट्टी? मग खुर्च्या कोण लावणार?'

आता बोला! सत्कार माझा, खुर्च्या मी लावायच्या, स्वागतगीत मी बसवायचं, शाल मी आणायची, 'रंग तुमच्या आवडीचा घ्या हं', केवढं मोठं मन! आणि मानपत्र? तेही मीच लिहायचं! नको नको म्हटलं... पण ऐकतंय कोण! स्वतःला 'ज्ञानज्योती' लिहिताना तीनदा खोडलं हो मी. अर्ज नि मानपत्र, दोन्ही कागद एकाच पर्समध्ये. दमलेल्या डोळ्यांनी त्यातला एक काढून फ्रेमवाल्या दुंडप्पाकडे दिला. कुठला, ते तुम्ही ओळखलंत... मला स्टेजवर कळलं!

सोनेरी किनार, कोपऱ्यात प्लास्टिकचे गुलाब, आणि अंगडीसाहेब खड्या सुरात, 'मी... सुमंगला हिरेमठ... एकवीस वर्षांच्या सेवेनंतर... अत्यंत थकले आहे!' टाळ्या! 'आता माझ्यानं होत नाही!' टाळ्या! मी खुणा करतेय, हात हलवतेय, तर फकीरप्पा म्हणतात, 'अक्कोरू लाजल्या!' 'तरी कृपया... मला सेवेतून मुक्त करावं!' बँडच वाजला! साहेब चष्मा पुसत म्हणाले, 'काय भाषा! असे शिक्षक हवेत!' अख्खा अर्ज, माईकवरून, गावासमोर... पण ऐकतंय कोण! अर्ज मलाच परत दिला, नारळासकट.

सगळे गेले. खुर्च्या आवरायला अर्थातच मी. तर आमच्या शाळेची स्वयंपाकवाली यल्लव्वा आली, डोळ्याला पदर. 'अक्कोरू, एवढं सोसवेना तर आधी बोलायचं नाही का माझ्याशी? उद्यापासून अंडी मी आणते. तुम्ही घरी चहा पिऊन सावकाश या.' रडू फुटलं हो मला, तिथंच, आवरलेल्या खुर्चीवर!

म्हणजे बघा, एकवीस वर्षांत एका माणसानं माझा अर्ज ऐकला, आणि नेमकी तिची सही चालत नाही!