चमक गोंदाची

दीर : मोजणीच्या रिपोर्टवर सही करा वहिनी, उगाच फाटे फोडू नका.

वहिनी : भावजी, लॅबमध्ये मी तुमची वहिनी नाही. मोजलंय माझ्या यंत्रावर. खाली नाव माझं जाणार आहे.

दीर : मोजलंत ना तुम्हीच? लेसर टाकला, सेल चमकला. इतका चमकणारा प्लास्टिकचा सोलर सेल इथे कुणी बनवलेला नाही. चमक जास्त म्हणजे व्होल्टेज कमी वाया जातं, हे तुम्हीच शिकवलंत मला.

वहिनी : चमक सेलची असेल तर! काल मी नुसती काच ठेवली, वर तुमचा तो सील करायचा गोंद लावून. सेलचा पत्ता नाही, तरी जवळपास तेवढीच चमकली.

दीर : काचेची चमक वजा केलीय मी.

वहिनी : कोऱ्या काचेची केलीत. गोंद लावलेल्या काचेची कोण करणार? तुमचा विक्रम गोंदाचा आहे, भावजी.

दीर : पोटात दुखतंय तुमच्या, दुसरं काही नाही! स्वतःची पीएचडी अर्धवट राहिली, आता माझीही होऊ द्यायची नाही. दादा म्हणालाच होता.

वहिनी : ह्यांना मध्ये आणू नका. माझी का राहिली? सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? तुम्ही?

दीर : तो विषय नकोय मला. उद्या प्रबंध गेला नाही तर मिळालेली नोकरी जाईल. कळतंय का?

वहिनी : मग आत्ता मोजू की. लेसर बंद, खोलीत अंधार, सेलमधून करंट सोडायचा. गोंदातून करंट जात नाही, म्हणजे येईल तो उजेड सेलचाच. तेवढा आला तर इथल्या इथे सही करते, वर माफी मागते. आणा सेल.

दीर : गरज नाही.

वहिनी : आणा म्हणतेय ना!

दीर : हात लावू नका त्याला!

(ती सेलच्या डबीकडे हात नेते. तो डबी उचलून छातीशी धरतो.)

वहिनी : अगं बाई. म्हणजे तुम्ही करून पाहिलंय.

(तो डबी खिशात टाकतो.)

वहिनी : कधी?

दीर : तुम्ही रजेवर होतात तेव्हा.

वहिनी : मग?

दीर : नावालासुद्धा उजेड नाही.

वहिनी : आणि तरी माझ्याकडे आलात? सही तुमच्या गाईड सरांचीही चालली असती. त्यांच्याकडे का नाही गेलात?

दीर : सर पुन्हा मोजून बघतात. तुम्ही म्हणजे... घरच्या.