सांभाळाल का?

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बहीणभाऊ बसले होते. भावाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते, म्हणून बहीण त्याच्या फोनवरचे निरोप वाचून दाखवत होती.

“कुणीतरी लिहिलंय, तुमच्या टूलकिटच्या नव्या आवृत्तीत प्रिंटर दिसत नाहीत.”

“बरोबर आहे त्याचं.”

“फुकट देतोस ना तू ते सॉफ्टवेअर? वर तक्रार?”

“ताई, तो एका रुग्णालयाचं नेटवर्क बघतो. चारशे मशीन आहेत. कुठलं बंद पडलं ते त्याला माझ्या टूलकिटवरूनच कळतं.”

“पुढे लिहिलंय, ‘दुरुस्ती करून सोबत पाठवली आहे.’”

“नेहमीच पाठवतो. अकरा वर्षं झाली. या वेळी प्रोग्राममधली ती चुकलेली ओळ मला दिसलीच नाही बघ.”

“डॉक्टर काय म्हणाले मघाशी?”

“आहे तेवढी नजर टिकली तरी पुष्कळ, म्हणाले.”

बहीण फोन पर्समध्ये ठेवू लागली.

“लिही त्याला. मला आता नीट दिसत नाही. यापुढे टूलकिट तुम्ही सांभाळाल का? फुकटच ठेवा, एवढंच म्हणणं आहे.”

“असं एकदम देऊन टाकतोस? रात्रंदिवस खपलास त्याच्यासाठी.”

“तिकडे रुग्णालय चालतंय, ताई. माझ्या हौसेपायी त्यांचं अडायला नको. लिही.”

बहिणीने सावकाश लिहिलं. उत्तर लगेच आलं.

“‘सांभाळतो. फुकटच राहील. पण अडलं तर फोन करू का? तुमचा नंबर नाही माझ्याकडे.’”

“दे की.”

“अकरा वर्षांत तुम्ही दोघं एकदाही बोलला नाहीत?”

“कामाचंच लिहायचो गं. आता बोलू.”