धुमाची वाळलेली कणीक

मंडळी, ऐका! पायात काटा मोडला तर काढायचा, का त्याला दूध पाजायचं? काढायचा ना? मग मनातल्या काट्याला माणूस रोज वाटीभर दूध का पाजतो? सांगा की! माना डोलवू नका नुसत्या!

एक होता अंबादास. वडिलांच्या माघारी त्यांचा पखवाज वाजवायचा. हात गोड! पण तोंड? एरंडेल प्यायल्यासारखं. का? तर लग्न जमेना! म्हणायचा, "पोरींना गोरा लागतो, उंच लागतो. माझं नाक बसकं. जन्मतःच निकाल लागला!"

मोबाईलवर याच्यासारख्यांचा एक ग्रुप. काय करायचे माहितीय? हनुवट्या मोजायचे! फूटपट्टीनं! हसू नका, माताभगिनींनो, खरंच! "माझी आत गेलीय." "माझी तर नाहीच!" त्यातला एक बिचारा दाढी करून एका बाईशी चार शब्द बोलून आला, तर त्याला फितूर म्हणून हाकलला. अहो, सोय असते त्यात! दोष नाकाचा ठरला की आंघोळ नाही केली तरी चालते!

तर गावात सप्ता बसला. दुपारी देवळात तालीम. पेटीवर शेजारच्या गावची कावेरी. अंबादासनं थाप मारली — थप्प! आता पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमाला, दर वेळी ताजी ओली कणीक लावावी लागते. वाजवून झालं की खरवडून काढायची. याची तशीच! वाळून भेगाळलेली!

कावेरी म्हणाली, "अंबादासदादा, धुमाची कणीक वाळलीय. बदला की."

झालं! यानं काय ऐकलं? "दादा म्हणाली! चारचौघांत मला हसली!" उठला, पखवाज खांद्याला मारला, तरातरा घरी! कणीक राहिली बाजूला, मंडळी!

घरी येऊन ग्रुपवर टाकलं. सगळे खूश! "आता शोभतोस आपला! फोडून टाक तो पखवाज, आणि त्या देवळात पाऊल टाकू नकोस!"

यानं खलबत्त्यातला बत्ता उचलला. बापाचा पखवाज हो! बाप कणीक उतरवल्याशिवाय ताटावर बसायचा नाही. अंबादासचा हात वरच राहिला. दुसऱ्या हातानं त्यानं धुमावर टिचकी मारली. थप्प. पुन्हा मारली. थप्प.

मनात आलं, नाक देवानं दिलं. ही कणीक कुणी लावली?

मी.

कधी?

गेल्या सप्त्याला!

मंडळी, वर्षभर याचंच थप्प वाजत होतं, आणि हा म्हणत होता की गाणाऱ्यांनाच ताल नाही! बत्ता ठेवला, खाली बसला, आणि नखांनी कणीक खरवडायला लागला. रडत होता. भेगेत नख अडकून रक्त आलं, पण थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीला आला. आंघोळ करून! ताजी कणीक थापली, हात मारला — धूऽऽम! वळचणीची कबुतरं उडाली!

कावेरी ओरडली, "दादा, हळू! माझी पेटी ऐकू येईना!"

सगळे हसले. आणि आपला अंबादासही हसला, बसक्या नाकासकट! मग चाचरत म्हणाला, "पेटी... कुणाकडं शिकलीस गं तू?" जन्मात पहिल्यांदा त्यानं एखाद्या पोरीला तिच्याबद्दल काही विचारलं होतं. ती सांगत राहिली. तो ऐकत राहिला.

"महाराज, लग्न झालं का त्यांचं?" आलाच प्रश्न! अहो, कणीक बदलली म्हणून पोरगी द्यायची? ती काय कुस्तीतला नारळ आहे? तिचं मन तिच्यापाशी. याला याचा पखवाज परत मिळाला, माणसं मिळाली. हे थोडं झालं?

आता तुमच्याकडं येतो. "माझा स्वभावच असा" म्हणणाऱ्यांनी हात वर करा! एकही नाही? मागच्या खांबामागं लपलेले भाऊ, तुम्हीसुद्धा नाही? बरं. विठ्ठलाचं नाव घ्या, आणि घरी जाता जाता एवढं आठवा. आमच्या पखवाजवाल्यांनी मघाशी तुमच्यादेखत कणीक लावली.

तुमची कधीची आहे?