मास्तरच्या हातचं मशीन

अबे, आमच्या दादाले तुम्ही हुशार समजता? मेहकरले मास्तर होता तवा त्यानं नांदुऱ्याच्या एका खेळवाल्याकून जत्रेतलं, काचेखाली लोखंडाच्या गोळ्या उडवायच्या खेळाचं बंद पडेल मशीन घरी आणलं. तारा जोडल्या, दिवे लागले, दादा खूश! पण गोळी अटकली का आपण रेडिओले मारतो तशी तो मशीनले चापट हाणे, अन् मशीन बंद. मंग पुन्हा सारं खोलून जोडे. आठ दिवस हेच!

शेवटी खेळवाल्यालेच बोलावलं. तो हसून म्हणे, "गुरुजी, मशीन चांगलं हाय. धक्के देऊन कोणी लबाडी करू नये म्हणून आत कळ हाय. मारलं का थे बंदच पडते."

वहिनी चुलीपासून म्हणे, "भाऊ, यायच्या वर्गातल्या पोरायमंदीबी तीच कळ बसवेल दिसते!"