कुठल्याबी गाडीला बसतो

...आन मंग ह्यांनी जीपचा बंपर कापला! चांगला धडधाकट लोखंडी बंपर! कामून कापला? तर म्हने त्यो कूलर बसंना. अवं, पन तुमीच म्हनत व्हतात ना, कुठल्याबी गाडीला बसतो? "बसतो की! कुठल्याबी गाडीला बसतो! गाडीच जरा आडवी यायलीय." आता तुमीच सांगा बायांनो, गाडीला बसवायच्या वस्तूला गाडीच आडवी येती, ह्याला काय म्हनावं?

तुमाला सांगते, माझा नवरा, दत्तराव, मानूस वाईट न्हाई. दारू न्हाई, पत्ते न्हाई, निसता त्या जीपचा नाद. लिलावातली मिलिटरीची जुनी जीप. तिला आदी ब्लोअर बसवला. ब्लोअर म्हंजे काय, तर आपन चुलीत फुकनीनं फुकतो का न्हाई, तसं त्यो इंजनात हवा कोंबतो, कोंबतो, आन जीप पळती. बरं, पळू दे! पन कोंबलेली हवा तापती म्हने, आन तापली की जोर गेला. मंग तिला गार करायला गाडीच्या थोबाडावर एक जाळीचा डबा लावायचा, तापलेली हवा एका पायपानं डब्यात, गार झालेली दुसऱ्या पायपानं इंजनात. त्येचं नाव इंटरकूलर. हैदराबादच्या भंगार बाजारातून आनला, संगं पायपा, रबरी नळ्या, आवळायच्या पट्ट्या. दुकानदार म्हनला, "साब, युनिवर्सल है, कौनसी भी गाडी को लगता!" झालं. ह्यांनी घरी येईस्तवर त्येचा मंत्र केला. कुठल्याबी गाडीला बसतो!

अवं बसवा की! वरीसभर बसवा! पन कवा बसवावा? उद्या जिंतूरला पंचायत समितीच्या सभापतीची निवड, त्येच्यात उमेदवार मी, केशरबाई, आन आज जीप अंगनात चिरफाड करून पडलेली!

आता खरं सांगते, लपवून काय करू? आवंदा पंचायत समितीत बायकांना जागा राखीव झाल्या म्हून ह्यांनी मला मेंबरकीला उभं केलं. फारम ह्यांनी भरला, फोटो ह्यांनी निवडला. पन उन्हातान्हात गावोगाव फिरले मी. बाया माझ्यापशी बोलल्या, पान्याचं बोलल्या, दवाखान्याचं बोलल्या, नवऱ्याला कवा सांगितलं नसंल ते बोलल्या. मेंबर म्हून निवडून आले, आन तवा जिवात असं झालं की ही सभापतीची खुर्ची मला पायजे. मला! सटवाईनं कपाळावर निसती चूलच लिव्हली का काय आमच्या? आन नियम काय, तर उमेदवारानं सोता जाऊन अकराच्या आत अर्ज द्यायचा. न्हाई दिला तर समोरचे व्यंकटराव बिनविरोध. बिनविरोध! त्या राती मला झोप कशाची लागती!

म्हनलं, मी आपली सकाळच्या यष्टीनं जाते. तर हे केवढ्यानं वरडले, "सभापती यष्टीनं जाती का? इज्जत हाय का न्हाई?" आन आश्रुबा मेस्त्री बिचारा जीपखाली घुसलेला, तिथनं त्येचा आवाज, "मालक, ह्यो डबा पुढं आल्यावर मागं रेडेटरला वारं कुठनं लागंल?" "वारं काय कमी हाय का जगात? तू बसव!" "मालक, हॉर्न आडवा यायलाय." "काढ! सभापतीच्या गाडीला हॉर्न कशाला? लोकं आपसूक बाजूला व्हतेत." "मालक, नळी बारीक, पाईप जाड, चढंना." "गरम करून चढव! कुठल्याबी गाडीला बसतो त्यो!" चढवली बाई. वरून पट्टी आवळली. शेवटाला मूठभर नट उरले, तर म्हनतेत, "युनिवर्सल म्हंजे जादाच देतेत."

निघालो. हे चालवायला, मी बाजूला, मागं आश्रुबा रेडेटरात वतायच्या पान्याचा डब्बा घिऊन. आन खोटं कशाला बोलू, पळाली हो! अशी पळाली की बोरी गाव कवा मागं गेलं कळ्ळं न्हाई. हे माझ्याकडं बगून हासायलेत, मी बी हासले... आन फाट्ट! बार उडाल्यावानी! मी सीट धरली. नळी सटकली. कोंबलेली सगळी हवा भुस्स करून बाहेर, जीप म्हताऱ्यासारखी खोकायली. आश्रुबा उतरला, सायकलीच्या टूबची पट्टी करकचून बांधली. चला. जरा गेलो... फाट्ट! दुसऱ्या अंगाची सटकली. पुन्ना बांधली. मी घड्याळ बगायले, हे म्हनतेत, "घड्याळाकडं बगू नको, त्येनं नळी सुटती." माझ्या बगन्यानं सुटती म्हने नळी! युनिवर्सल हाय ना ती, कुनाच्याबी बगन्यानं सुटती!

तेवढ्यात मागनं व्यंकटरावांची पांढरी अंबासिटर. थांबली. काच खाली. आवाज कसा, तूप वतल्यावानी, "काय वैनी, कायी मदत?" माझ्या मनात आलं, व्हय म्हनावं, बसावं मागं. पन हे छाती काढून, "काय न्हाई, काय न्हाई! इंटरकूलर हाय, जरा सेट व्हायलाय!" "असं का? होऊ द्या, होऊ द्या सेट. मी होतो पुढं." आन गेले. अंबासिटर बरं का! तिला ना ब्लोअर, ना कूलर, ना नाद.

आमी पुन्ना गाडीत बसलो. ह्यांनी जी जीप दामटली... पुढं बगते तर रोडवर आडवी-उबी करडई पसरलेली. जानाऱ्या येनाऱ्या गाडीनं फुकटात मळून द्यावी म्हून लोकं पसरतेत, तुमाला ठावं हाय, आपन बी पसरतो. म्हनलं, बाजूनं घ्या! म्हनले, "टाइम न्हाई!" घातली वरून! आन त्यो थोबाडावरचा डबा... सगळा भुसा, सगळे काटे, गपागपा गिळले त्येनं, जाळी बुजली, मागच्या रेडेटरला वाऱ्याची झुळूक म्हून न्हाई, आन बोनटातून वाफ! डोळ्याम्होरं निसती वाफ! आश्रुबानं झाकन उघडलं तर पानी उडालं आभाळाला. संगं घेतलेलं पानी? ते मगाशी आश्रुबानंच पिलं व्हतं, भेवानं घसा कोरडा पडला म्हून!

वर करडईवाली बायनाबाई सूप घिऊन धावत आली. "माझी रास गिळली तुमच्या डब्यानं! झाडून द्या!" हे म्हनले, "आजी, निवडनुकीचा प्रश्न हाय." "तुमचा निवडनुकीचा असंल, माझा करडईचा हाय. झाडा!" आन काय सांगू, सभापतीपदाचे उमेदवार आमी, भर रोडवर, म्हातारी खाली सूप धरून बसलेली, हे काडीनं जाळीतला एक एक दाना उकरायलेत, आश्रुबा पान्यासाठी हिरीकडं पळालेला, आन तवाबी हे म्हनतेत, "डब्यात दोष न्हाई, करडईत दोष हाय!"

आन मागनं यष्टी आली. मी हात केला. यष्टी थांबली. हे म्हनले, "थांब, पाच मिंटात व्हतंय!" तुमाला सांगते, लग्न झाल्यापास्नं, परचारात बी, ह्यांना सोडून मी एकटी कुठं निघाले नव्हते. त्या पायरीपशी पाय अडला. पन ठेवला. मागं बगितलं न्हाई. बगितलं असतं तर उतरले असते.

जिंतूरात उतरले ती चपला हातात घिऊन पळाले! बाजारातून, हातगाड्यांतून, पदर कंबरेला. कचेरीत शिरले तर व्यंकटराव पाय पसरून बसलेले, त्यांचा हारवाला दारात उभा, आन निवडनूक घेनारे सायेब पेनाचं टोपन लावायलेत. मी टेबलावर अर्ज आपटला. सायबांनी भिताडावरच्या घड्याळाकडं बगितलं, अकराला अजून जरा कमी व्हतं, व्यंकटरावांकडं बगितलं, आन टोपन पुन्ना काढलं. मेंबरांचे हात वर झाले, मोजले. एका मतानं... मी! मी सभापती! मला रडूच आलं हो, तिथंच, सगळ्याम्होरं, आन लाज बी वाटली न्हाई.

तेवढ्यात बाहेर कल्ला. हे आले व्हते, जीप धुरात, तोंड काळं, अंगाला करडई. आन लोकांनी काय करावं? "सभापतीसायेब आले!" म्हून धावली, ह्यांनाच खांद्यावर घेतलं, ह्यांनाच हार! झेंडूचे, गुलाबाचे, ढीगभर! मी दारात उभी. हे हासायलेत, कुनाला म्हनंनात की बाबांनो, ती बगा, ती हाय! आन ते सगळे हार काढून घातले कुठं? कूलरवर! म्हनलं, जाळी झाकती, काढा. "गप, शकुनाचे हार हायेत, काडू न्हाई!"

गावाबाहेर आलो न्हाई तर वाफ. हे बोनट उघडून बसले. मी रोडच्या कडंला जाऊन उभी राह्यले. यष्टी आली, हात केला, चढले. माझा सभापती म्हून पयला दौरा! यष्टी गच्च भरलेली. कंडक्टर म्हनला, "मावशी, पुढं जागा न्हाई, मागं सरका." मी सभापती हाय, असं अगदी व्हटावर आलं व्हतं बगा. पन खाली अजून मानसं चढायची व्हती...

सरकले.